न्यू जर्सीतल्या बेसबॉल कार्ड शोला जाताना: संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथल्या मराठी घरांत बेसबॉल बहुधा मुलांच्या लिटल लीगमधून शिरतो. आधी मुलाचा ग्लव्ह येतो, मग खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांची पाकिटं, आणि एक दिवस लक्षात येतं की कार्डांच्या अल्बमवर मुलापेक्षा बाबांचाच जीव जास्त आहे. अशा बाबांना, आयांना आणि हल्ली आजोबांनाही पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं न्यू जर्सी आणि आसपासच्या छोट्या शोंना धरून आहेत.

शो म्हणजे प्रदर्शन की बाजार?

बाजार. नावात 'शो' असला तरी काचेआडच्या वस्तू लांबून बघून परतायचं, असं नसतं. मांडलेलं जवळजवळ सगळं विकायला असतं. हॉटेलचा बँक्वेट हॉल, फायर ब्रिगेडचा हॉल, चर्चचं तळघर, माजी सैनिकांच्या संघटनेची इमारत, मॉलमधला पॅसेज, अशा ठिकाणी शनिवार-रविवारी लांब टेबलं लागतात. प्रत्येक टेबलामागे एक डीलर. त्यांतले पूर्णवेळ धंदा करणारे थोडेच. बाकीचे आठवडाभर दुसरी नोकरी करतात, किंवा निवृत्त झालेत आणि स्वतःच्याच संग्रहातलं जादाचं विकायला बसलेत. त्यामुळे गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते भरभरून बोलतात, आणि शोला जाण्याचं निम्मं कारण तेच आहे. फोनवर कार्डाचा फोटो दिसतो. कार्ड हातात घेऊन उजेडात तिरकं धरणं आणि ते पन्नास वर्षं हाताळलेल्या माणसाला 'हे असं का?' म्हणून विचारणं शोलाच जमतं.

याच जातीचा अवाढव्य अवतार म्हणजे 'नॅशनल'. ते अधिवेशन १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालं आणि अलीकडे शिकागोजवळच्या रोझमाँटमध्ये बऱ्याचदा भरतं. पण सुरुवात तिथून करू नका. तिथे डोळे फिरतात आणि पाकीट रिकामं होतं.

तिकीट किती? किती वाजता जावं?

छोट्या शोला तिकीट नसतंच, असलं तर थोडे डॉलर. लहान मुलांना बहुधा फुकट. चांगला माल हवा असेल तर दार उघडताना जा, भाव पाडून घ्यायचा असेल तर शेवटच्या तासात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: सर्वांत उत्तम वस्तू पुष्कळदा दार उघडायच्या आधीच, टेबलं मांडताना, एका डीलरकडून दुसऱ्याकडे गेलेल्या असतात. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. तीच वस्तू तासाभराने तिसऱ्या टेबलावर वाढीव भावात दिसेल.

मला क्रिकेट कळतं, बेसबॉल जेमतेम. संग्राहक म्हणून जमेल का?

जमेल. फक्त सगळंच गोळा करायला निघू नका. एक विषय धरा: एक संघ, एक खेळाडू, एक साल किंवा एक गाव. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना तर विषय शोधायला लांब जायला नको.

होबोकेनच्या एलिशियन फील्ड्सवर १९ जून १८४६ रोजी न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबचा सामना झाला. लेखी नियमांनी खेळल्या गेलेल्या सुरुवातीच्या सामन्यांत त्याचं नाव पहिलं घेतलं जातं. (निकरबॉकर २३-१ असे हरले. नियम त्यांचेच होते.) जर्सी सिटीच्या रूझवेल्ट स्टेडियमवर १८ एप्रिल १९४६ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू माँट्रियल रॉयल्स या खालच्या लीगमधल्या संघाकडून पहिला अधिकृत सामना खेळला, त्यात चार हिट आणि त्यांतला एक होमरन. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या आणि तोवर कृष्णवर्णीयांना बंद असलेल्या लीगमध्ये, तो आला त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे वर्णभेदाच्या भिंतीला पहिला तडा गेला तो जर्सी सिटीत. ब्रुकलिन डॉजर्सनी १९५६ आणि ५७ साली आपले काही 'घरचे' सामनेही याच मैदानावर खेळले. स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं, आता तिथे वसाहत आहे.

नेवार्कचा संघ होता ईगल्स, निग्रो लीगमधला, म्हणजे त्या काळच्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधला. त्यांनी १९४६ ची निग्रो वर्ल्ड सिरीज जिंकली. संघाच्या सहमालक एफा मॅन्ले या हॉल ऑफ फेममधल्या आजवरच्या एकमेव महिला. पॅटरसनमध्ये वाढलेला लॅरी डोबी आणि ऑरेंजचा माँटी अर्विन हे दोघेही ईगल्सचे. डोबी ५ जुलै १९४७ रोजी क्लीव्हलँडकडून उतरला आणि अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. रॉबिन्सननंतर तीनच महिन्यांनी, तरी लोकांना नाव एकाचंच आठवतं. भावातही तोच फरक दिसतो. डोबी आणि अर्विन यांची पन्नाशीच्या दशकातली कार्डं, कोपरे झिजलेली चालत असतील तर, नोकरदार माणसाच्या आवाक्यात येतात. रॉबिन्सनचं त्याच सालचं, तेवढंच झिजलेलं कार्ड येत नाही. नवख्याने आमच्या राज्यात एकच विषय निवडायचा म्हटलं तर मी डोळे मिटून नेवार्क ईगल्स सांगेन. संघाच्या मूळ वस्तू फार दुर्मीळ आणि महाग आहेत, पण त्या खेळाडूंची पुढच्या काळातली कार्डं, मासिकं, वर्तमानपत्रांची पानं भरपूर मिळतात, आणि बघायला पॅटरसनचं हिंचलिफ स्टेडियमही आहे. निग्रो लीगचे सामने झालेलं हे मैदान २०२३ मध्ये पुन्हा खुलं झालं.

जुनं कार्ड म्हणजे महागच ना?

नाही. हा एक गैरसमज गेला की निम्मा खर्च वाचतो.

साधारण १९८६ ते १९९३ या काळात कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की त्या काळाला संग्राहक 'जंक वॅक्स' (मेणकागदी पाकिटांतला रद्दी माल) म्हणतात. ही कार्डं आता तीस-चाळीस वर्षांची झाली, तरी खोक्याच्या खोक्यांना कुणी विचारत नाही. कारण त्याच वेळी प्रत्येकाला कळलं होतं की जुनी कार्डं महाग जातात, म्हणून प्रत्येकाने ती जपून ठेवली. जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. अपवाद आहेत. १९८९ च्या अपर डेक संचातलं पहिल्या क्रमांकाचं केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड अजून लोक प्रेमाने घेतात. पण तेही निर्दोष अवस्थेत हजारोंनी उपलब्ध आहे, तेव्हा 'फार रेअर आहे' असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जा.

उलट बाजू टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५२ च्या संचाची. त्या वर्षीच्या कार्डांची शेवटची मालिका उशिरा आली, मोसम संपत आला होता, माल पडून राहिला. १९६० मध्ये टॉप्सचे साय बर्गर यांनी उरलेली खोकी तराफ्यावर घालून अटलांटिकमध्ये बुडवली, न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून फार दूर नाही. त्याच मालिकेत ३११ क्रमांकाचं मिकी मँटलचं कार्ड होतं. त्याची एक उत्कृष्ट प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. गंमत अशी की हे त्याचं पहिलं कार्डही नव्हे (ते १९५१ चं बोमन कंपनीचं), आणि त्या मालिकेत ते इतर बहुतेक कार्डांच्या दुप्पट छापलं गेलं होतं. म्हणजे भाव वयावर ठरत नाही आणि नुसत्या दुर्मीळपणावरही नाही. किती लोकांना ते हवं आहे, आणि किती प्रती धड उरल्या आहेत, यावर ठरतो. लहानपणी बिग फनच्या गममधली क्रिकेटपटूंची चित्रं जमवून नंतर रद्दीत घातलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरोबर काय न्यावं?

रोख पैसे, तेही सुटे. वीस-वीसच्या नोटा सर्वांत कामाच्या. पन्नासचं कार्ड चाळीसला मागायचं आणि शंभरची नोट पुढे करायची, हे बरं दिसत नाही. फोनवरून पैसे बहुतेक डीलर घेतात, पण तळघरातल्या हॉलमध्ये रेंज असेलच असं नाही.

हव्या असलेल्या कार्डांची यादी कागदावर लिहून न्या, संच आणि क्रमांकासकट. पातळ प्लॅस्टिकच्या पेनी स्लीव्ह आणि त्यावर घालायचे कडक टॉपलोडर थोडे जवळ ठेवा. सोनार डोळ्याला लावतो तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि छोटी मोजपट्टी. हात स्वच्छ आणि कोरडे. हँडलोशन लावून आलेला माणूस डीलरला लांबूनच ओळखू येतो.

टेबलापाशी वागायचं कसं?

आधी 'गुड मॉर्निंग', मग बघणं. काचेच्या पेटीतली वस्तू डीलरकडूनच काढून घ्या. स्लीव्हमधलं कार्ड बाहेर काढायचं असेल तर विचारा, आणि शक्यतो त्यालाच काढू द्या. कार्ड कडांनी धरायचं, पृष्ठभागावर अंगठा नाही. स्वतःची बॅग किंवा कॉफी त्याच्या पेटीवर ठेवू नका. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी सौदा चालू असेल तर मध्ये बोलू नका. तो फिसकटला तर पुढचा नंबर तुमचाच आहे.

एक डॉलरवाल्या, पाच डॉलरवाल्या खोक्यांतून शोधायचं असेल तर खुर्ची ओढून निवांत बसा, पण कार्डांचा क्रम लावलेला असेल तर तो मोडू नका. मला स्वतःला काचेच्या पेट्यांपेक्षा ही खोकी आवडतात. पेटीतल्या वस्तूचा भाव सगळ्यांना माहीत असतो. खोक्यात मात्र एखादा १९६० च्या दशकातला राखीव पिचर निघतो, ज्याच्या कार्डामागे व्यंगचित्रासोबत छापलेलं असतं की हिवाळ्यात हा विम्याच्या पॉलिसी विकतो. त्या काळी खेळाडूंना मोसम संपल्यावर खरोखरच दुसरी नोकरी करावी लागे.

घासाघीस चालते का? मंडईतल्यासारखी?

चालते, पण सुराचा फरक आहे. मंडईत आपण आधी वस्तूला नावं ठेवतो आणि मग भाव पाडतो. इथे वस्तूला नावं ठेवली की डीलर मिटतो. त्यापेक्षा असं:

'यात काही कमी होईल का?'
'किती मनात आहे?'
'ही तीन आणि ते डोबीचं मिळून दीडशे रोख देतो.'
'एकशे साठ करा.'
'ठीक.'

एकापेक्षा जास्त वस्तू एकत्र घेतल्या की सूट सहज मिळते. भाव ठरवताना इंटरनेटवर मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा. त्यांनाच इथे 'कॉम्प्स' म्हणतात. फोन बघायला हरकत नाही, पण तो डीलरच्या नाकापुढे नाचवू नका. आणि एकदा तुम्ही आकडा बोललात आणि त्याने होकार दिला, की घ्यायचं. 'जरा फिरून येतो' हे आकडा बोलायच्या आधी म्हणायचं. छोट्या शोत तेच लोक पुन्हा भेटतात आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली असते.

कार्डाची अवस्था कशी तपासायची?

चार गोष्टी: कोपरे, कडा, चित्र मध्यावर आहे की सरकलेलं, आणि पृष्ठभाग. पहिल्या तीन समोरून दिसतात. चौथीसाठी कार्ड दिव्याखाली आडवं, जवळजवळ डोळ्याच्या रेषेत धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या कार्डावर तेव्हा केसाएवढी सुरकुती उमटते, चकाकी तिथे तुटते. भाव अर्ध्यावर यायला तेवढी एक सुरकुती पुरते. मग कार्ड उलटा. मागे तपकिरी डाग असेल तर तो बहुधा गमचा किंवा पाकिटाच्या मेणाचा. टॉप्सच्या पाकिटात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गमची पट्टी असायची.

काही संच जात्याच नाजूक असतात. १९७१ च्या टॉप्सची किनार काळी आहे, तिचा रंग जरा उडाला की पांढरं दिसतं, त्यामुळे धड प्रत मिळणं कठीण. काळ्या स्केचपेनने कड रंगवणारे महाभागही आहेत. भिंगातून बघा: शाई कागदाच्या कडेत मुरलेली दिसते. कड कापून कोपरे टोकदार केलेलं कार्ड त्याच संचाच्या दुसऱ्या कार्डावर ठेवून बघितलं की अंगाने कमी भरतं.

नकला ओळखायला मोजपट्टी. १९५७ पासून टॉप्सचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंच आहे. १९५२ चं त्याहून मोठं होतं, २ पूर्णांक ५/८ बाय ३ पूर्णांक ३/४ इंच. टॉप्सनेच १९८३ मध्ये तो संच पुन्हा छापला, आजच्या लहान आकारात आणि मागे तसं लिहून. ते प्रामाणिक पुनर्मुद्रण. अप्रामाणिक नकलांच्या मागे पुनर्मुद्रण असल्याचं लिहिलेलं नसतं, तेव्हा भिंग लावा. मूळ छपाईत अक्षरं आणि काळ्या रेषा सलग शाईच्या असतात. फोटो काढून छापलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनलेली दिसतात. एकदा स्वस्तातल्या खऱ्या कार्डावर हे बघून ठेवलंत की नजर बसते.

स्लॅबमधलं कार्ड घ्यावं की सुटं?

स्लॅब म्हणजे पीएसए, एसजीसी, बेकेट यांसारख्या कंपनीने तपासून, एक ते दहापैकी गुण देऊन, प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घातलेलं कार्ड. महागडं कार्ड पहिल्यांदा घेताना स्लॅबच घ्या, आणि लेबलवरचा क्रमांक तिथेच फोनवरून कंपनीच्या साइटवर पडताळा, कारण नकली डब्याही निघतात. दहा-वीस डॉलरच्या कार्डाला स्लॅबची गरज नाही. तपासणीची फीच त्याहून जास्त पडते.

मात्र डबीला देव मानू नका. १९०९ ते ११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या टी-२०६ संचातलं होनस वॅग्नरचं कार्ड या छंदाचा कोहिनूर समजलं जातं. १९९१ मध्ये पीएसएने गुण दिलेलं पहिलं कार्ड याच वॅग्नरची एक प्रत होती. तिला ८ गुण मिळाले. पुढे लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं की आपण तिच्या कडा कापल्या होत्या. कार्ड आजही त्याच गुणांसह डबीत आहे. तेव्हा दोन स्लॅबवर सारखेच ६ गुण असले तरी दोन्ही कार्डं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि जे जास्त छान दिसेल ते घ्या.

सही असलेला चेंडू खरा की खोटा, कसं ओळखायचं?

पहिल्या शोला सहीचा चेंडू घेऊच नका. बघा भरपूर, विचारा भरपूर, घ्या नंतर. नव्वदच्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाने खोट्या सह्यांच्या टोळ्या पकडल्या, तेव्हा कळलं की हा धंदा केवढा पसरलाय. त्यांच्याकडे प्रमाणपत्रंसुद्धा छापलेली तयार असत. चेंडूसोबतचा सोनेरी किनारीचा कागद कुणी दिलाय हे न बघता त्यावर विश्वास ठेवणं म्हणजे चोराकडूनच चारित्र्याचा दाखला घेणं.

तरी काही गोष्टी अक्षर न बघताही पकडता येतात. बेब रूथ १६ ऑगस्ट १९४८ रोजी वारला. शार्पी मार्कर बाजारात आला १९६४ मध्ये. तेव्हा शार्पीने केलेली रूथची सही किती खरी असेल, ते तुम्हीच ठरवा. दुसरी खूण चेंडूवरच छापलेली असते. १९९९ पर्यंत मेजर लीगच्या अधिकृत चेंडूवर त्या त्या लीगच्या अध्यक्षाची छापील सही असे. अमेरिकन लीगच्या चेंडूवर १९३१ ते १९५९ विल हॅरिज, मग १९७३ पर्यंत जो क्रोनिन, पुढे ली मॅकफेल, बॉबी ब्राउन. नॅशनल लीगचे अध्यक्ष वेगळे. क्रोनिनच्या चेंडूवर रूथची सही दिसली तर ती त्याने वर जाऊन केलेली असणार. ही अध्यक्षांची यादी फोनमध्ये ठेवा. डीलरच्या शंभर गोष्टींपेक्षा ती जास्त उपयोगी पडते. बनवणारी कंपनीही बदलली: दोन्ही लीगचे चेंडू १९७७ पासून रॉलिंग्जचे, त्याआधी नॅशनल लीगचे स्पॉल्डिंगचे.

खोटेपणा नेहमी बदमाशीतूनच येतो असंही नाही. पूर्वी चाहत्यांच्या पत्रांना उत्तर म्हणून सेक्रेटरी सही करत, संघाच्या चेंडूवर ड्रेसिंग रूममधला पोऱ्याच सगळ्यांच्या सह्या ठोकून देई. कुणाच्या तरी आजोबांनी तो चेंडू सत्तर वर्षं मनापासून जपलेला असतो. डीलरही मनापासून सांगतो. सही मात्र मँटलची नसते. म्हणून मोठ्या नावाची सही घ्यायची तर पीएसए, जेएसए किंवा बेकेटने तपासलेली. सामन्यात वापरलेल्या चेंडू-बॅटसाठी मेजर लीग बेसबॉलचं होलोग्रामचं स्टिकर बघा. ही पद्धत २००१ पासून आहे. त्यांचा माणूस मैदानावर हजर राहून स्टिकर लावतो आणि त्याचा क्रमांक त्यांच्या साइटवर तपासता येतो.

बॅटीवर कोरलेलं किंवा भाजलेलं नाव म्हणजे सही नव्हे. दुकानात मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या लुईव्हिल स्लगर बॅटींवरही मोठ्या खेळाडूंची नावं असत.

खेळाडू स्वतः सह्या द्यायला येतात, तिथे कसं असतं?

तिकीट आधी काढायचं. दर वस्तूप्रमाणे: फोटो किंवा कार्डाला कमी, चेंडूला त्याहून जास्त, बॅट आणि जर्सीला सर्वांत जास्त. सहीखाली 'हॉल ऑफ फेम' वगैरे लिहून हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे. चेंडूवर निळं बॉलपेन सांगा, मार्करची शाई कातड्यात पसरते. सर्वांत अरुंद जागेवरची सही चेंडूची शोभा, तिथे एकच सही घ्यायची. गप्पांना वेळ अर्धा मिनिट मिळतो. तेवढ्यात नाव सांगा, एखादा खरा प्रश्न विचारा. आपल्या मुलाची बॅटिंग अॅव्हरेज सांगू नका.

कार्डं आणि सह्या सोडून आणखी काय मिळतं?

कागद! आणि माझ्या मते नव्याने सुरुवात करणाऱ्याने इकडेच वळावं. सामन्याची तिकिटं, स्कोअरकार्ड, संघांची वार्षिकं, त्रिकोणी फेल्टची निशाणं, बिल्ले. पन्नाशी-साठीतलं साध्या सामन्याचं स्कोअरकार्ड अजून जेवणाच्या बिलाएवढ्या पैशांत मिळू शकतं. बरेच संग्राहक कोरं मागतात. मला पेन्सिलीने भरलेलं आवडतं. कुणीतरी नवव्या डावापर्यंत नीट खुणा केलेल्या असतात, सातव्या डावात एका चौकटीत नुसतंच उद्गारचिन्ह असतं, आणि मग आपण घरी येऊन तो सामना शोधून काढतो.

तिकिटांचे भाव मात्र अलीकडे चढलेत, कारण आता तिकीट फोनवर येतं आणि कागदी तिकीट इतिहासजमा झालंय. जॅकी रॉबिन्सनच्या पहिल्या मेजर लीग सामन्याचं (१५ एप्रिल १९४७) एक फाटलेलं अर्धुक २०२२ मध्ये ४ लाख ८० हजार डॉलरला गेलं.

मुलांना न्यावं का?

जरूर. पण आत शिरण्याआधी हातात ठरावीक रक्कम द्या, आणि ती संपली की संपली. भाव मुलालाच करू द्या. डीलर मुलांशी फार चांगले वागतात, वर एखादं कार्ड फुकट देतात. मुलांची एकमेकांत अदलाबदल होते तिथे लक्ष ठेवा. मोठी माणसं कधी कधी लहान मुलांकडून भारी कार्ड हलक्यात काढून घेतात. घरी येऊन आजीला कार्ड दाखवताना 'हा म्हणजे आपला कोण?' हा प्रश्न येणार, त्याचं उत्तर मुलाने तयार ठेवावं.

घर घेतलं तेव्हा माळ्यावर जुन्या कार्डांचं खोकं सापडलं. शोला नेऊन विकता येईल?

आधी साल बघा. कार्डामागची आकडेवारी ज्या वर्षापर्यंत आहे, कार्ड साधारण त्याच्या पुढच्या वर्षीचं. ८६ ते ९३ मधलं असेल तर मुलांना खेळायला द्या. १९७० च्या आधीचं असेल तर काहीही पुसू नका, रबरबँडने बांधू नका, आणि निदान दोन-तीन टेबलांवर दाखवल्याशिवाय विकू नका. डीलर बाजारभावाच्या बराच खाली भाव देईल. त्यात लबाडी नाही, त्याला ते विकून टेबलाचं भाडं काढायचंय. पूर्ण भाव हवा असेल तर स्वतः एकेक करून विकण्याचा व्याप करावा लागेल. वर्षभरापेक्षा जास्त जवळ ठेवून नफ्यात विकलेल्या संग्रहवस्तूंवर इथे फेडरल कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, तेव्हा रक्कम मोठी असेल तर सीएला विचारा.

गुंतवणूक म्हणून कसं आहे?

नको. २०२० आणि २१ मध्ये लोक घरात अडकले तेव्हा भाव असे उसळले की मार्च २०२१ मध्ये पीएसएला तुंबलेल्या कामामुळे बहुतेक नवी कार्डं घेणं थांबवावं लागलं. त्यानंतर तेव्हाची बरीच आधुनिक कार्डं दणकून उतरली. आवडतं म्हणून घ्या. गुंतवणुकीसाठी दुसऱ्या वस्तू आहेत.

भारतात नेऊन ठेवली तर टिकतील का?

पुण्यात ठीक, मुंबईत आणि कोकणात काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात कार्ड वाकतं, दोन कार्डं एकमेकांना चिकटतात, आणि भिंतीला लागून असलेल्या कपाटात बुरशी धरते. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पानं टाळा, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा बाहेरच्या भिंतीपासून लांब. सही केलेला चेंडू खिडकीत मांडू नका, उन्हाने निळी शाई उडते. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत.

खायला काय मिळतं?

हॉटडॉग, चिप्स, कॉफी. शाकाहारी असाल तर डबा गाडीत ठेवा, तिथेच खा आणि हात धुऊन आत या.

पुढचा शो कुठे आहे हे कसं कळतं?

दारापाशी पैसे घेणाऱ्याच्या टेबलावर पत्रकांची चळत असते, ती उचला. गावातल्या कार्डांच्या दुकानात विचारा. आणि ज्याच्याकडून पहिली खरेदी केलीत त्या डीलरला विचारा की पुढे कुठे बसणार आहात. तुम्ही काय शोधताय हेही सांगून ठेवा. बरेचजण नाव लिहून घेतात आणि पुढच्या वेळी टेबलाखालच्या खोक्यात तुमच्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवलेलं असतं.